याचाक

त्या घरात मोठे टेबल एकच होते. त्याच्या एका टोकाला इनॅमल रंगांचे लहान डबे, टर्पेंटाइनची बाटली आणि कान तुटलेल्या कपात उभे केलेले बारीक कुंचले होते, आणि दुसऱ्या टोकाला एका उथळ टोपलीत आठ-दहा गावठी अंडी होती. अठ्ठावीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईला रंगांशेजारी अंडी दिसली की जे सुचायचे, तेच मला सुचले. तेलरंग रुळण्यापूर्वी युरोपातील चित्रकार अंड्याच्या बलकात रंग कालवून लाकडी फळ्यांवर चित्रे काढीत, हे मी दर वर्षी नववीच्या वर्गाला सांगत आले होते. ती पद्धत अँडीज पर्वतातील या उंच वाडीत कशी पोहोचली असेल, हा प्रश्न मी मोठ्या उत्साहाने लेकीकरवी विचारला. घरधन्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, एक अंडे उचलून माझ्या तळहातावर ठेवले आणि सांगितले की ही चित्रांसाठी नाहीत, माणसांसाठी आहेत. आज शुक्रवार आहे, दुपारनंतर कोणी ना कोणी येईल.

इक्वेडोरच्या डोंगराळ भागात मंगळवार आणि शुक्रवार हे दुखणे उतरवून घेण्याचे दिवस मानतात. ताजे अंडे डोक्यापासून पायांपर्यंत अंगावरून फिरवायचे, मग ते पाण्याने भरलेल्या पेल्यात फोडायचे आणि पांढऱ्याचे धागे कसे वर चढतात, बुडबुडे कुठे अडकतात, बलक कसा बसतो हे पाहून माणसाला काय झाले आहे ते ओळखायचे. मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आजी माझी दृष्ट काढीत असे, त्यामुळे हे सारे जितके परके वाटायला हवे होते तितके वाटले नाही. नवल वाटले ते त्या टेबलाचे. देवघर आणि कारखाना यांच्यामध्ये एखादी भिंत असते, निदान एखादा पडदा तरी असतो, अशी माझी समजूत होती. येथे तिसऱ्या बाजूला मुलांच्या शाळेच्या वह्याही पडलेल्या होत्या.

माझी लेक कामानिमित्त दोन वर्षे इक्वेडोरच्या राजधानीत, क्विटोत राहत होती आणि तिच्याकडे गेले असताना आम्ही दोघी चित्रांसाठी तिग्वाला गेलो. क्विटोहून पॅन-अमेरिकन महामार्गाने दक्षिणेला लाताकुंगा, आणि तेथून पश्चिमेला पुहिलीवरून सुंबावाकडे जाणाऱ्या बसने घाट चढत चढत तिग्वा. लाताकुंगाच समुद्रसपाटीपासून सुमारे २,७५० मीटर उंचीवर आहे. तिग्वाच्या वाड्या त्याहून कितीतरी वर, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, उघड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. ऑगस्ट हा तिकडे वाऱ्याचा महिना असतो. उभ्या उतारांवर बार्ली, बटाटे आणि बाकल्याच्या शेंगांची शेते एकमेकांना चिकटून अशी लागलेली असतात की डोंगरावर कोणी गोधडी वाळत घातली आहे असे वाटावे. आणि ज्या शेतात माती उघडी असते तेथून वारा धूळ उचलून थेट बसच्या खिडकीत आणून टाकतो. उतरेपर्यंत माझे डोके ठणकू लागले होते. ते मी कोणाला सांगितले नाही, कारण एवढ्या लांब आल्यावर लेकीने परत फिरवले असते.

घरधन्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. चित्रांवर ते तळाशी ठळक अक्षरांत सही करतात, पण त्यांचे दुसरे काम बिनसहीचे चालते, आणि या लेखात दोन्ही आलेली आहेत. आम्ही त्यांना सगळे म्हणत तसे तायता म्हटले. किचुआ या तिथल्या आदिवासींच्या भाषेत तायता म्हणजे वडील. हा शब्द तेथे केवळ माणसांसाठी नाही; ६,२६३ मीटर उंचीचा बर्फाच्छादित चिंबोरासो हा तायता चिंबोरासो असतो आणि १९९९पासून पुढे सतरा वर्षे अधूनमधून राख उधळीत राहिलेला तुंगुरावा हा ज्वालामुखी मामा तुंगुरावा, म्हणजे आई असते. त्यांच्यात भांडणे होतात, रुसवेफुगवे होतात, आणि त्यांचा त्रास खाली राहणाऱ्यांना होतो. आम्ही तायतांशी बोलत होतो ते स्पॅनिशमधून. ती भाषा माझ्या लेकीने उमेदीत शिकलेली आणि तायतांनी शाळेत छडी खाऊन शिकलेली होती, त्यामुळे माझा एकेक मराठी प्रश्न त्यांच्या मनातल्या किचुआपर्यंत पोहोचेस्तोवर दोन उंबरे ओलांडत असे आणि उत्तरही त्याच वाटेने, थोडेसे झिजून, परत येई.

त्या झिजेतूनच एक गंमत झाली. क्विटोतील प्रवास कंपन्यांच्या पाट्यांवर अशा माणसांना सर्रास 'शामन' म्हटलेले असते. हा शब्द मुळात सैबेरियातील एवेंकी लोकांचा. युरोपीय प्रवाशांच्या लिखाणातून तो जगभर गेला आणि आता तो इतका सैल झाला आहे की ध्यानाच्या शिबिरांपासून साबणापर्यंत कशालाही लावला जातो. मी तो वापरला तेव्हा तायतांनी मान हलवली आणि म्हणाले, "याचाक." मला ऐकू आले ते 'याचक'. क्षणभर मला वाईट वाटले की इतका मानी दिसणारा माणूस स्वतःला भिकारी का म्हणवून घेतो. मग लेकीने फोड करून सांगितली: किचुआत याचाना म्हणजे जाणणे, शिकणे, त्याला शेवटी 'क' लागला की ते करणारा. म्हणजे जाणणारा, आपल्याकडच्या जुन्या मराठीतला जाणता. आमच्या भाषेत याच आवाजाच्या शब्दाचा अर्थ मागणारा असा होतो, हे मी लेकीला भीतभीतच सांगायला लावले. तायतांना ते मुळीच लागले नाही. ते म्हणाले की कामाला बसल्यावर ते आधी एकेका डोंगराचे नाव घेऊन मागतातच. कोतोपाक्सीकडे मागतात, इलिनिसाकडे मागतात, किलोतोआच्या तळ्याकडे मागतात. न मागता कोण देईल? मग त्यांनी आमचा दुसरा शब्द विचारला आणि तो दोन-तीनदा म्हणून पाहिला. 'ण' काही त्यांच्या जिभेवर बसेना. ते 'जानता' म्हणत राहिले.

आता चित्रांविषयी, कारण मी गेले होते त्यांच्यासाठी. तिग्वाची चित्रे मेंढीच्या कातड्यावर काढलेली असतात आणि त्यांचा इतिहास पुरता साठ वर्षांचाही नाही. त्याआधी या डोंगरांतील लोक सणाच्या मिरवणुकीत वाजवायच्या ढोलांवर चित्रे काढीत आणि लाकडी मुखवटे रंगवीत. हंगेरीत जन्मलेल्या ओल्गा फिश या चित्रकर्ती १९३९मध्ये इक्वेडोरला येऊन स्थायिक झाल्या होत्या; लोककलेच्या वस्तू त्या जमवीत आणि क्विटोतील आपल्या दुकानात विकत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिग्वाचे हुलिओ तोआकिसा यांचा रंगवलेला ढोल त्यांच्या पाहण्यात आला आणि त्यांनी सुचवले की हेच चामडे चौकटीवर सपाट ताणून त्यावर चित्र काढून पाहा. तोआकिसांनी काढले, मुलांना शिकवले, भाऊबंदांना शिकवले, शेजाऱ्यांनी पाहून उचलले, आणि बटाटे-बार्लीवर जेमतेम भागणाऱ्या वाड्यांतून घरोघर कुंचले चालू लागले. सुरुवातीचे कुंचले कोंबडीच्या पिसांचे होते.

ही हकिकत सांगताना बहुतेक लोक सल्ला देणाऱ्या बाईंपाशी जास्त वेळ थांबतात आणि ढोलापाशी मुळीच थांबत नाहीत, हे मला पटत नाही. ढोलाचे तोंड गोल असते. त्याला वरची बाजू नसते, खालची नसते. तो खांद्याला अडकवून माणूस चालत असतो, त्यामुळे त्यावरचे चित्र सतत डुलत असते आणि ते पुरते कोणालाच दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे त्यावर टिपरी पडते. वाजवणाऱ्याचा हात चांगला असेल तर चित्र पुसटत जाते. असे चित्र काढणारा माणूस जेव्हा आयत चौकटीपुढे बसतो तेव्हा त्याला आकाश कुठे ठेवायचे हे पहिल्यांदा ठरवावे लागते. तोआकिसांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी ते चौकटीच्या अगदी वरच्या कडेला, अंगठ्याएवढ्या रुंदीच्या पट्टीत बसवले आणि उरलेली सगळी जागा जमिनीला दिली. सल्ला कोणीही देऊ शकते; हा निर्णय सल्ल्यात नव्हता.

माझ्या पिढीच्या मराठी चित्रकला शिक्षकाला येथे वारली आठवणार हे उघड आहे. तेही १९७०चेच दशक. भास्कर कुलकर्णींनी दिलेले कागद आणि त्यावर जिव्या सोमा मशे यांनी झोपडीच्या कुडावरून उतरवलेली रेषा. लग्नाचा चौक सवासिनींनी भिंतीवर लिहायचा आणि लग्न झाले की त्याचे काम संपायचे, तेथून ती कला चौकटीत आली. मी तायतांना मोबाइलमधील एक वारली चित्र दाखवले. त्यांनी ते निरखून पाहिले आणि विचारले, "रंग महाग आहेत का तुमच्याकडे?"

तायतांच्या घराच्या पुढच्या खोलीत दाराजवळ उजेड चांगला होता, तेथे ते काम करीत. घर सिमेंटच्या ठोकळ्यांचे, वर पत्रे. जुने गवताने शाकारलेले घर मागच्या बाजूला उभे होते आणि त्यात आता कुय, म्हणजे गिनीपिग, पाळलेले होते. आतून त्यांची बारीक शीळ सारखी ऐकू येत होती. दाराला टेकवून तीन कोरी कातडी ठेवली होती. सुंबावाच्या शनिवारच्या बाजारातून कातडे आणायचे, लोकर खरवडून काढायची, ओले असतानाच ते लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ठोकायचे आणि वाळू द्यायचे. वाळताना ते आपले आपण आवळत जाते. मी बोट वाजवून पाहिले तर खरोखरच ढोलाचा आवाज आला, थोडा बसका. वासाविषयी पुस्तकात कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते: ओल्या मेंढीचा, टर्पेंटाइनचा आणि चुलीच्या धुराचा असा तो एकत्रित वास असतो, आणि तो खोलीभर नव्हे तर कपड्यांतही बसतो.

अर्धे झालेले एक चित्र त्यांनी पुढे ओढले आणि आम्ही बसलो आहोत हे विसरून कामाला लागले. कच्चे रेखाटन नव्हते. वरचे डोंगर आधीच झाले होते. कोतोपाक्सीच्या बर्फाखाली दोन डोळे, नाक आणि किंचित उघडे तोंड होते. त्यानंतर शेते. प्रत्येक शेताचा हिरवा वेगळा: कोवळ्या बार्लीचा पोपटी, बटाट्याचा काळपट, आणि पिकलेल्या बार्लीचा तर पिवळाच. मी वर्गात मुलांना शिकवीत असे की दूरच्या वस्तू लहान आणि फिकट काढाव्यात. येथे दूरच्या डोंगरावरचा लामा, म्हणजे तिकडचे उंटाच्या जातीचे जनावर, जवळच्या मेंढीहून मोठा होता आणि तितकाच लख्ख होता. विचारल्यावर तायता म्हणाले की तो त्यांच्या चुलत्याचा आहे. माणसे ते सर्वांत शेवटी काढतात. लाल पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायची घोंगडी, घातलेले पुरुष, मोरपीस खोचलेल्या टोप्या घातलेल्या बायका, तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा, त्यावर दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. इतक्या लहान रेघेतही कोण दमले आहे आणि कोण प्यायले आहे ते कळत होते.

चित्रात डावीकडे कोंदोराची गोष्ट होती. तिग्वाच्या चित्रकारांची ही लाडकी गोष्ट आहे. कोंदोर हे अँडीजमधले प्रचंड गिधाड. ते पाँचो घातलेल्या देखण्या तरुणाचे रूप घेऊन मेंढ्या राखणाऱ्या मुलीशी लाडीगोडीने बोलते, एक दिवस तिला पाठीवर बसवून कड्यातल्या गुहेत घेऊन जाते, आणि घरचे शोधत पोहोचतात तोवर तिच्या अंगावर पिसे फुटू लागलेली असतात. तायतांच्या चित्रात तिन्ही प्रसंग एकाच डोंगरावर, एकाच दुपारी चालले होते. गुहेच्या तोंडाशी बसलेल्या मुलीच्या शालीखालून काळे पिसांचे टोक बाहेर आलेले होते आणि ते रंगवण्यासाठी तायतांनी नायलॉनचा कुंचला बाजूला ठेवून कोंबडीचे एक पीस घेतले. पिसाने पीस नीट निघते, एवढेच ते म्हणाले.

दोनच्या सुमारास एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. कुत्रा अंगावर धावून आल्यापासून मुलगा रात्री दचकून उठत होता, जेवत नव्हता. याला तेथे एस्पांतो म्हणतात; आपल्याकडचा धसका. आणि उघड्यावर, ओढ्याकाठी, पडक्या घरापाशी माणसाला जे झपाटते त्याला किचुआत वायरा म्हणतात, म्हणजे वाराच. बाहेरचे वारे लागले असे आपण म्हणतो त्याच अर्थाने. ही निव्वळ ध्वनींची योगायोगी जुळणी आहे हे मला कळते, पण त्या डोंगरावर बसून ती ऐकताना अंगावर काटा आला हेही खरे. तायतांनी कुंचले टर्पेंटाइनमध्ये बुडवले, हात धुतले, टेबलाचे रंगाचे टोक वर्तमानपत्राने झाकले आणि आम्हाला अंगणात बसायला सांगितले. दार लोटले गेले.

खरे सांगायचे तर मला राग आला. एवढ्या लांबून मी आले होते ते काय अंगणात बसायला? तो राग दहा मिनिटे टिकला. दरम्यान घरधनीणबाईंनी पानेला घातलेले, दालचिनीचे गरम पाणी आणून दिले. पानेला म्हणजे चक्क उसाचा गूळ. सोबत एका वाडग्यात माचिका होती, म्हणजे भाजलेल्या बार्लीचे पीठ. मी चमचाभर तोंडात टाकले आणि लेकीकडे पाहिले. सातूचे पीठ ते, उन्हाळ्यात गूळपाणी घालून खायचे. तिने आयुष्यात सातू खाल्लेले नव्हते, त्यामुळे ओळख पटल्याचा आनंद मला एकटीलाच घ्यावा लागला. बाईंनी मग, आमची समजूत घालावी तसे, आतल्या खोलीतून एक चित्र आणून माझ्या मांडीवर ठेवले. ते उपचाराचे चित्र होते.

दाराच्या आड जे चालले होते ते मला ऐकू येत होते: शीळ, पाल्याची सळसळ, उसाच्या दारूची चूळ तोंडाने फवारल्याचा आवाज, आणि मध्येच डोंगरांची नावे. दाराच्या अलीकडे मांडीवर त्याचे चित्र होते. मी एकेक वस्तू मोजू लागले. काळोखी खोली, एक मेणबत्ती, कमरेपर्यंत उघडा बसलेला रोगी. याचाकाच्या एका हातात खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या पाल्याची जुडी, दुसऱ्या हातात चोंता ताडाच्या कठीण काळ्या लाकडाचा भाला. जमिनीवर कापड अंथरून त्यावर गुळगुळीत दगड, अंडी, तंबाखू, बाटली. पांढरा शुभ्र कुय, रोग्याच्या पाठीशी धरलेला. कुय अंगावरून फिरवतात आणि मग चिरून त्याच्या आतड्या-काळजावरून माणसाच्या पोटात काय बिघडले आहे ते पाहतात. खिडकीतून आत डोकावणारा चेहऱ्याचा डोंगर. सगळे जिथल्या तिथे होते. एवढे नीटनेटके की संशय यावा.

अर्ध्या तासाने मुलगा बाहेर आला. केस ओले, अंगाला दारूचा वास, आणि चेहऱ्यावर आंघोळ घातलेल्या मुलाचा तो सार्वत्रिक राग. आईने कनवटीच्या कापडातून मोडलेल्या नोटा काढून दिल्या. इक्वेडोरने २०००मध्ये स्वतःचे चलन सोडून अमेरिकन डॉलर स्वीकारला, त्यामुळे त्या एक-एक डॉलरच्या नोटा होत्या. काही तायतांनी ठेवल्या, काही परत दिल्या. मी चित्र दाखवून विचारले, आत असेच झाले का?

तायतांनी चित्राकडे पाहिले, परकी वस्तू पाहावी तसे. मग जे सांगितले ते लेकीने मला वाक्यावाक्याने सांगितले. पहिले असे की त्या मुलासाठी फक्त अंडे आणि पाला लागला. कुय लागला नाही, भाला लागला नाही. एका माणसाला एका वेळी हे सगळे कधीच लागत नाही. विकत घेणाऱ्याला मात्र लागते. मेणबत्ती नसली तर तो विचारतो मेणबत्ती कुठे आहे. दुसरे असे की कामाला कुय काळा हवा, काळाच चांगला. पण काळोख्या खोलीच्या चित्रात काळा कुय दिसत नाही, म्हणून चित्रात ते पांढरा काढतात.

हे बोलताना त्यांच्या आवाजात कबुलीजबाबाचा लवलेशही नव्हता. मला मात्र घरी परतेपर्यंत आणि नंतरही कित्येक दिवस त्या पांढऱ्या कुयने छळले. बाहेरच्या लोकांसाठी रंगवताना आपल्या विद्येत बदल केला असे म्हणून कोणी नाक मुरडील. आपली विद्या विकली जाऊ नये म्हणून मुद्दाम एक खूण चुकीची ठेवली असे म्हणून कोणी भारावून जाईल. मी दोन्ही करून पाहिले आणि दोन्ही मला खोटे वाटले. तायतांनी दिलेले कारण उजेडाचे होते. काळ्यावर काळे दिसत नाही. हे कारण चित्रकाराचे आहे, आणि त्या क्षणी टेबलाच्या त्या टोकाला बसलेला माणूस चित्रकार होता. त्याला याचाक म्हणूनच पाहण्याचा हट्ट माझा होता. मीच तो क्विटोच्या पाटीवरून उचलून घाट चढून आणला होता.

भिंतीवर उंच, हात पोहोचणार नाही असे, एक चित्र होते आणि ते विकायचे नव्हते. तायतांच्या थोरल्या भावाने काढलेले. त्यात ना कोंदोर होता, ना मेणबत्ती. रस्त्यावर आडवे टाकलेले झाडांचे बुंधे आणि दगड, काठ्या घेतलेली माणसे, बायका, मुले, आणि वर कोपऱ्यात एक पांढरे चर्च. १९९०च्या मे महिन्याच्या शेवटी आदिवासी संघटनांच्या लोकांनी क्विटोतील सांतो दोमिंगो चर्चचा ताबा घेतला आणि जूनमध्ये डोंगरभर लोकांनी महामार्ग अडवले; जमिनीच्या मागणीसाठी. तायतांचे वडील हुआसिपुंगोवर जन्मलेले. हासिएंदाच्या, म्हणजे मोठ्या जमीनदारीच्या, मालकाने झोपडीपुरता जमिनीचा तुकडा द्यायचा आणि त्याबदल्यात कुटुंबाने त्याच्या शेतावर राबायचे, अशी ती पद्धत होती. १९६४च्या जमीनसुधारणा कायद्याने ती कागदोपत्री संपली. हे चित्र पर्यटक मागतात का, असे मी विचारले. क्वचित, म्हणाले, एकदा एका गृहस्थाने विचारले होते की ही जत्रा कोणती.

शनिवार-रविवारी तिग्वाचे बरेच चित्रकार क्विटोच्या एल एहिदो बागेत चित्रे मांडून बसतात. तायताही पूर्वी जात. बागेत एकाच दिवशी पंधरा ठिकाणी पंधरा कोतोपाक्सी पाहून मला आधी कंटाळा आला होता आणि मी लेकीला म्हटले होते की हे तर छापल्यासारखे आहे. त्या वाक्याची मला तायतांच्या दारात आठवण झाली. दार उघडे होते आणि त्यातून तोच डोंगर दिसत होता. त्यांनी दुसरा कुठून आणावा?

निघण्यापूर्वी मी एक मागणी केली. काळा कुय असलेले उपचाराचे चित्र आहे का? तायता थोडा वेळ गप्प राहिले, मग आत गेले आणि कातड्यांच्या गठ्ठ्यामागून एक लहानसे, चौकटीवर धूळ बसलेले चित्र घेऊन आले. खूप वर्षांपूर्वीचे, म्हणाले, अजून गिऱ्हाइकाची नजर कळली नव्हती तेव्हाचे. खोली काळी, मेणबत्ती मिणमिणती, याचाकाचे हात रिकामे दिसत होते. त्या हातांच्या मध्ये नुसता काळोख. विकायला नेले तेव्हा लोकांना वाटले की तेथे रंग सांडला आहे. किंमत चाळीस डॉलर. पण कोणी घेत नाही, म्हणून पस्तीस. मी चाळीस देऊ केले. त्यांनी पाच परत केले, आणि याबाबतीत वाद चालणार नाही हे त्यांच्या हातावरूनच कळले.

आणखी एक मागायचे राहिले होते. डोके आता दोन्ही कानशिलांत घण घालीत होते आणि टोपलीतली अंडी समोर होती. मी लेकीला म्हटले, विचार त्यांना, माझेही उतरवून देतील का. तायतांनी माझ्याकडे नीट पाहिले, माझे मनगट धरले, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग लेकीला जे सांगितले ते ऐकून ती हसू लागली. "आई, ते म्हणतात तुला वारा लागलेला नाही, उंची लागली आहे. अंडे कशाला वाया घालवायचे? पुहिलीपर्यंत उतरलीस की थांबेल."

बस साडेचारला आली. घाट उतरताना मी चित्र मांडीवर धरले होते, कारण वर ठेवले तर वासाने लोक तक्रार करतील अशी लेकीला भीती होती. पुहिलीच्या अलीकडे एका वळणावर ऊन बसमध्ये आडवे शिरले. मी चौकट थोडी कलती केली. इनॅमलचा काळा खोलीच्या काळ्याहून जास्त चकचकीत होता. आडव्या उन्हात त्या दोन हातांच्या मध्ये आधी एक पाठ उमटली, मग कान, मग पोटाशी आखडून घेतलेले चार पाय. बस वळली आणि ते पुन्हा दिसेनासे झाले. डोके कधी थांबले ते माझ्या लक्षातच आले नव्हते.